कोपऱ्यातला श्री

आमच्या प्रेसमध्ये कुठलंही काम दोन खुणांनी सुरू होतं. कामाचं कार्ड टेबलावर आलं की मालक उजव्या कोपऱ्यात ७८६ लिहितात आणि मी डाव्या कोपऱ्यात श्री. मग मधल्या जागेत गिऱ्हाइकाचं नाव, कागद कोणता, रंग किती, माल कधी पाहिजे. मी इथे लागले तेव्हापासून हे असंच चाललंय आणि त्यावर आमच्यात कधी एक शब्दही झाला नाही. चहात साखर किती यावरून मात्र आम्ही रोज भांडतो.

प्रेस यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. आम्ही लेबलं छापतो. कपाशीचं बियाणं, सोयाबीनचं बियाणं, तणनाशक, कीटकनाशक, अधूनमधून एखादा मसालेवाला किंवा लग्नपत्रिका. मार्चपासून जूनपर्यंत जेवायला फुरसत नसते आणि जानेवारीत आम्ही सगळे माशा मारत बसतो. अशाच एका जानेवारीत मालकांच्या भाच्याचा आखातातून फोन आला.

हा भाचा यवतमाळातच वाढलेला. दहा वर्षं तिकडे दुसऱ्याच्या गोदामात हिशेबनीस म्हणून राबला आणि आता त्याने स्वतःचं आयातीचं काम सुरू केलं होतं. पहिलाच कंटेनर ब्राझीलहून निघाला होता. त्यात डबाबंद मांस होतं. तिकडचा नियम असा की डब्यावर अरबीत सगळं लिहिलेलं पाहिजे: आत काय आहे, कुठून आलं, कत्तलखान्याचा नंबर काय, आणि जनावर हलाल पद्धतीने कापलं आहे. ब्राझीलच्या डब्यावर अरबी नव्हतं, म्हणून प्रत्येक डब्याला वरून स्टिकर लावायचं. ते स्टिकर मामाच्या प्रेसमध्ये छापावं असं त्याच्या मनात होतं. रमजानच्या आधी माल दुकानांत गेला तर त्याचं नाव बाजारात उभं राहणार होतं. नाही गेला, तर दुकानदार दुसऱ्याचा माल भरणार आणि पहिल्याच पावलाला हा तोंडावर पडणार.

मालक माझ्या टेबलापाशी आले, उगाच स्टेपलर उघडून पाहिलं, बंद केलं.

"ताई, एक काम आलं हाय. पण पहिले सांगून देतो, मोठ्याचं हाय."

मोठ्याचं म्हणजे गाईबैलाचं. आमच्याकडे हे असंच बोलतात, सरळ कोणी म्हणत नाही. "तुमच्या मनात नसन तर मी नागपूरहून करून आणतो. राग नाही, काही नाही."

मी शेतकऱ्याच्या घरची. पोळ्याला बैलाच्या पायावर पाणी घालून वाढलेली. एकदम हो म्हणवलं नाही, ते नाकारत नाही. पण हलाल हा शब्द मला नवा नव्हता. माझ्या माहेरी, बोरी अरबच्या बाजूला, शेतातल्या देवाला बोकड द्यायचा असला की वडील गावातल्या मुल्लाजींना बोलावून आणायचे. कापायचं काम त्यांचं, म्हणजे पंगतीला गावातलं कोणीही बसू शकतं, हात आखडून कोणाला उठावं लागत नाही. देव आमचा, सुरी त्यांची, रस्सा सगळ्यांचा. शिवाय विषाच्या बाटलीचं लेबल छापताना मी कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं.

"डब्यावर जनावराचं चित्र नको," मी म्हटलं. "नुसती अक्षरं असतील तर करते."

"नुसतीच अक्षरं," मालक म्हणाले आणि स्टेपलर जागेवर ठेवलं.

घरी मात्र मी काही सांगितलं नाही. माझ्या सासूबाई एकादशी मोडत नाहीत. परदेशातल्या डब्यांचं काम आलंय, एवढंच बोलले. ते खोटं नव्हतं, नुसतं आखूड होतं.

अरबी मला येत नाही, मालकांना जेमतेम. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या शिक्षकांना बोलावलं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, खिशात दोन चष्मे. त्यांना अरबी चांगलं यायचं. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि पडद्यावरच्या ओळींवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवायचे. मला म्हणायचे, "बेटी, यहाँ का नुक्ता गिर गया, उठाओ." मी टिंब उचलून जागेवर ठेवायचे. काय ठेवलं ते मला कळायचं नाही, पण मास्तर "शाब्बास" म्हणाले की पहिल्या नंबरात पास झाल्यासारखं वाटायचं.

त्यांचा सगळा जीव त्या कत्तलखान्याच्या नंबरात होता. हलालच्या दाखल्यावरचा नंबर, डब्याच्या बुडाशी ठोकलेला नंबर आणि आमच्या स्टिकरवरचा नंबर, तिन्ही एक पाहिजेत. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर बंदरावरचा तपासनीस सगळा माल अडवतो, असं भाच्याने बजावलं होतं. मास्तरांनी तो नंबर तीनदा तपासला. मग चष्मा बदलून चौथ्यांदा तपासला. मालकांनी सही केली. आम्ही वीसेक हजार स्टिकर छापून पाठवून दिले. गोंद मी स्वतः निवडला होता, बियाण्याच्या पिशवीला लावतो तोच. पावसात भिजला, उन्हात तापला तरी सुटत नाही. त्या गोंदाचा मला मोठा अभिमान होता.

छपाईत शेदीडशे स्टिकर जादा निघाले होते. चांगला कागद, चकचकीत, फेकवेना. मी घरी आणून स्वयंपाकघरातल्या खणात टाकून दिले आणि विसरले.

आठेक दिवसांनी एका सकाळी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सासूबाई मसाल्याचे डबे पुसून लावत होत्या.

"हे कागद आनले ते बरं केलं तू," त्या म्हणाल्या. "हळदीच्या डब्याले झाकनच बसत नव्हतं, दोन चिकटवले त चांगलं बसलं. आन् वरतं श्री बी लिहेल हाय."

"कुठे श्री?"

"हे काय. मले बाकी वाचता येत नाही, पन श्री त येते."

मी डबा हातात घेतला. हळदीच्या डब्यावर, अरबीत, ब्राझीलचं शिजवलेलं गोमांस. आणि वर डाव्या कोपऱ्यात, तिळाएवढा, पण स्वच्छ, काळा श्री.

शेंगांचं ताट तसंच सोडून मी डबा घेऊन उठले.

झालं होतं असं. कार्डावर जसा मी श्री लिहिते तसा कॉम्प्युटरवरच्या फाइलीतही ठेवते. मला हे काम ज्यांनी शिकवलं त्यांनीच सांगितलं होतं की कोऱ्या जागेवर काम सुरू करू नये. तो श्री कापायच्या रेषेच्या बाहेर असतो. लेबल कापलं की कडेच्या पट्टीबरोबर तो निघून जातो, गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. पण हे स्टिकर आमच्या नेहमीच्या मापाचं नव्हतं. मी जुन्याच फाइलीवर नवं माप मांडलं, रेषा बाहेर सरकली आणि श्री आत राहिला. मास्तर उजवीकडून वाचत आले, ओळ संपली तिथे थांबले, कोपऱ्यापर्यंत गेलेच नाहीत. मालक सहीच्या जागेकडे पाहत होते. आणि मी? मी तो श्री रोज पाहते. रोजची गोष्ट दिसत नाही. आपल्या घराच्या दाराचा रंग कोणता, विचारलं तर आठवावं लागतं.

प्रेसमध्ये पोचले तेव्हा मालकांनी आधी हळदीच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता फोन लावला.

भाचा तिकडून म्हणाला, बंदरावरच्या गोदामात सगळे स्टिकर लावून झाले. परवा तपासनीस येणार. आणि मंजूर झालेल्या नमुन्यात नाही असं एकही चिन्ह चालत नाही, त्यात हे तर त्यांना अनोळखी लिपीतलं.

"मामू, काळ्या मार्करनं पुसून टाकतो ना," तो म्हणाला. आवाज पार बसला होता.

मास्तरांना बोलावणं धाडलंच होतं, ते येऊन बसले होते. ते फोनकडे वाकून म्हणाले, "बिलकुल नहीं. काला किया तो पूछेंगे छुपाया क्या. जो है वो साफ बता दो." मग माझ्याकडे वळले. "चूक माझी बी हाय, बेटी. कागदाला चार कोपरे असतात, मी तीनच पाह्यले."

मला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. म्हटलं, पत्र मी लिहिते. प्रेसची चूक आहे, प्रेस कबूल करते. मी लिहिलं की हे चिन्ह मालाचं नाही, हलालच्या शिक्क्याशी त्याचा संबंध नाही. ही आमच्याकडे काम सुरू करायची पद्धत आहे आणि ते माझ्या हातून आत राहिलं. मास्तरांनी त्याचं अरबी केलं. पण असं नुसतं म्हणून कोण मानणार? मालक कपाटाकडे गेले आणि जुन्या कामांच्या कार्डांचा गठ्ठा काढला. बियाणं, तणनाशक, लग्नपत्रिका, मशिदीच्या जलशाची पावतीपुस्तकं. प्रत्येक कार्डावर डावीकडे श्री, उजवीकडे ७८६. आम्ही ती ओळीने टेबलावर मांडली आणि फोटो काढला. त्यात त्याच कामाचं कार्डही होतं. मी ते पहिल्यांदाच असं एकत्र पाहत होते.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तपासनिसाला त्याने आधीच जाऊन सगळं दाखवलं होतं. दाखला बरोबर, नंबर बरोबर. कार्डांचा फोटो पाहून तो गृहस्थ म्हणे हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, नियम म्हणजे नियम. प्रत्येक डब्यावरचा तो कोपरा निघाला पाहिजे आणि बाकी स्टिकर फाटता कामा नये. एक दिवस जादा देतो.

आता माझा तो गोंद आडवा आला. पाण्याने सुटेना, तेलाने सुटेना. प्रेसमधल्या रिकाम्या डब्यावर नव्याने छापलेलं एक स्टिकर लावून मी ब्लेडने खरवडत बसले, तर निम्मा कत्तलखाना निघून आला. शेवटी हरून घरी गेले. सासूबाई वाट पाहत होत्या. सकाळी हळदीचा डबा घेऊन पळालेली सून काही साधी गोष्ट करत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

मी सगळं सांगून टाकलं. मोठ्याचं आहे, हेही.

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "मले कायले नाही सांगतलं?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"आता नाही रागावली का मी?" मग स्वतःशीच पुटपुटल्या, "त्या पोराचं खानं-पिनं त्याच्यापाशी. पन श्री तिथं कायले पाह्यजे? काढून घे तो."

"निघत नाही ना, आई."

"नव्या गंजाचं स्टिकर कसं काढते तू?"

गंज म्हणजे आमच्याकडचं स्टीलचं पातेलं. नवं आणलं की आपण ते गॅसवर धरतो, भांडं तापलं की स्टिकर अलगद उचललं जातं. हे मी लग्न झाल्यापासून करत होते आणि दिवसभर डोक्यात आलं नाही. मी हळदीचा डबा घेतला, कोपऱ्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा धरली, दहा मोजले, ब्लेड तिरपं लावलं. श्री एकटाच वर आला. बाकीचं स्टिकर जागेवर. मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या "सरक, हळद सांडन" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरांना चिठ्ठी सांगितली, उर्दूत, कारण गोदामातली माणसं हैदराबादची, बिहारची, पाकिस्तानची. सगळ्यांना मिळून उर्दू कळायचं. मी चार गोष्टी सांगितल्या. एक, गरम हवा दहा आकडे मोजेपर्यंत. दोन, ब्लेड तिरपं. तीन, कोपरा कापायचा, ओढायचा नाही. चार, मग अंगठ्याने दाबून कड बसवायची. मास्तरांनी लिहिलं आणि मी मागून मोजलं.

"मास्तर, मी चार सांगितल्या, तुमच्या पाच झाल्या."

"उर्दूमें थोडी जगह ज्यादा लगती है, बेटी," ते म्हणाले आणि फोटो काढून पाठवूनही टाकला.

पुढचे दोन दिवस मी कामात होते असं म्हणवत नाही. दर तासाला फोन पाहायचा, मालकांना विचारायचं, मालक म्हणायचे, "कापून राह्यले ताई, कापून राह्यले." चहात त्यांनी तीन चमचे साखर घातली तरी मी भांडले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि मालकांनी तो कानाला लावून डोळे मिटले. मग नुसती मान हलवली, खालीवर. माल सुटला. रमजानचा चंद्र दिसायच्या चार दिवस आधी भाच्याचे डबे दुकानांत लागले. मी आत कागदाच्या रिळांमागे जाऊन रडून घेतलं आणि तोंड धुऊन आले. मालकांनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

ईद झाल्यावर भाचा यवतमाळला आला. मालकांच्या घरी मास्तरांना आणि आम्हाला शीरखुर्म्याला बोलावणं होतं. मी गेले, आणि कधी नव्हे त्या सासूबाईही आल्या; खुर्मा चालतो, म्हणाल्या. भाचा उंच, हसरा, पोट सुटायला लागलेलं. तो आपल्या मालाचा डबा दाखवायला आणू शकत नव्हता, तो इथे आणताच येत नाही. पण दुसराच एक डबा त्याने माझ्या हातात ठेवला, दूधपावडरीचा, वर नीट चिकटपट्टी लावलेला.

"ताई, तुमची अमानत."

मी झाकण उघडलं. आत शिगोशीग बारीक तुकडे होते, नखाएवढेही नाहीत. बोट घातलं तर चार चिकटून आले. प्रत्येकावर श्री.

"सगळे आहेत," तो म्हणाला. "काही फाटले असतील. पण एकही खाली पडू दिला नाही. पोरं एक हात डब्याखाली धरून कापत होती, म्हणून तर दोन दिवस लागले."

इतकी वर्षं माझा श्री कडेच्या पट्टीबरोबर कापला जात होता. त्या पट्ट्या पोत्यात, पोतं रद्दीत. पायाखालीही आला असेल. मी एकदाही वाकून उचलला नव्हता.

"पण हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी कसंबसं विचारलं.

"तुमच्या चिठ्ठीतच होतं ना. पाचवी ओळ."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते वाटीत बदाम शोधत होते आणि तो सापडेपर्यंत वर पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

ती चिठ्ठीही डब्यात होती. फोटोवरून त्यांनी गोदामात छापून घेतलेली, ब्लेडांचे ओरखडे उठलेली, घडी पडून मऊ झालेली. मी ती मास्तरांपुढे धरली. म्हटलं, वाचा. त्यांनी चष्मा बदलला आणि वाचली, आणि मालकांनी मला मराठीत सांगितली: हे तुकडे जमिनीवर पडू देऊ नका, त्यांच्यावर आमच्या लेकीच्या देवाचं नाव आहे, सांभाळून परत करा.

सासूबाईंनी माझ्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं आणि पदराखाली धरून बसल्या. घरी आल्यावर तो देवघरात ठेवला. नदीला पाणी आलं की सोडू म्हणाल्या होत्या. नदीला दोनदा पूर येऊन गेला, डबा अजून तिथेच आहे.

कडेच्या पट्ट्या मी आता रद्दीत टाकत नाही, एका खोक्यात जमवते. मालक म्हणतात ताईंनी नवं काम काढलं, आणि तेही दोन उचलून माझ्या खोक्यात टाकतात. चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली आहे. मास्तरांच्या मागे लागून मी शिकून घेतलं. बाकीचं उर्दू मला अजून शून्य येतं, दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नाही. पण ती पाचवी ओळ मी उजवीकडून डावीकडे, बोट न लावता, वाचते.